डाइव्हच्या अखेरच्या मिनिटांत अवचित दिसलेले समुद्री जीव : नोंदी आणि चर्चा

चोर्लामार्गी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या सीमाभागाला समुद्रकिनारा नाही. तरीही पावसाळा सरला की इथली पुष्कळ मंडळी घाट उतरून मालवण-तारकर्ली, गोव्याचे ग्रँड आयलंड किंवा मुरुडेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटर आत असलेले नेत्राणी बेट गाठतात आणि स्कूबा डायव्हिंग करतात. परत आल्यावर जी वर्णने ऐकायला मिळतात ती बहुतेक तळाची असतात, म्हणजे प्रवाळ, खडकाच्या कपारीतले मोरे ईल, लायनफिश, पॅरटफिश यांची. या धाग्याचा विषय मी मुद्दाम त्याहून अरुंद ठेवला आहे. डाइव्ह आटोपून वर येताना, विशेषतः सेफ्टी स्टॉपच्या वेळी, जे जीव ध्यानीमनी नसताना दिसले, त्यांच्याच नोंदी इथे याव्यात.

नव्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देतो. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि वर येताना तो सावकाश बाहेर पडावा लागतो. म्हणून मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही आणि साधारण ५ मीटर खोलीवर ३ मिनिटे थांबायचे (हाच सेफ्टी स्टॉप), अशी शिस्त असते. हा थांबा इतक्या उथळ जागी का, तर ३० मीटरवरून २० मीटरवर येताना वायूचे आकारमान केवळ एक तृतीयांशाने वाढते, पण १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना ते थेट दुप्पट होते. म्हणजे अंतर तेवढेच असले तरी शेवटचा टप्पा शरीराला सर्वांत जड असतो.

या तीन मिनिटांत आपल्यापैकी बहुतेक जण एका हाताने मूरिंगचा, म्हणजे बोट बांधण्याचा, दोर धरून दुसऱ्या हातातल्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणाऱ्या उपकरणाकडे, पाहत राहतात. माझे ठाम मत असे आहे की आपल्या किनाऱ्यावर खुल्या पाण्यातले जीव पाहण्याची याहून चांगली संधी डाइव्हमध्ये क्वचितच मिळते. आपण स्थिर असतो, पायांतले फिन हलत नसतात, श्वास शांत झालेला असतो, उजेड भरपूर असतो आणि चारही बाजूंना मोकळे पाणी असते. तळाशी असताना आपले डोळे खडकाला चिकटलेले असतात, त्यामुळे पाठीमागून काय जाते याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

माझी नोंद नेत्राणीची आहे. दोरापाशी थांबलो असताना गडद तपकिरी रंगाचे, चपट्या डोक्याचे, हातभराहून लांब असे चार-पाच मासे निळ्या पाण्यातून थेट आमच्याकडे आले, आमच्याभोवती संथपणे फिरले आणि आले तसे निघून गेले. ते कोबिया होते, ज्यांना गोव्यात मोडसो म्हणतात. अंगाच्या बाजूने गेलेली काळसर पट्टी आणि डौलदार पोहणे यांमुळे नवख्यांना ते शार्क वाटतात आणि काही जण घाबरून वर उसळतात. आपल्या बेळगावच्या कॅम्प भागातल्या फिश मार्केटात बर्फावर पडलेला मासा आणि पाण्यात कुतूहलाने माणसाला न्याहाळणारा मासा हे दोन वेगळेच जीव वाटावेत, इतका तो जिवंतपणी देखणा असतो. खाली घालवलेल्या संपूर्ण वेळात यातला एकही दिसला नव्हता.

आपापल्या नोंदी ठिकाण, महिना आणि खोली यांसह लिहाव्यात, ही विनंती.

वेदगंगाकाठ

विषय फार आवडला. माझी नोंद मालवणची. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात जानेवारीत आम्ही डाइव्ह केली होती. पाणी गढूळ होते आणि खाली फारसे काही दिसले नव्हते. वर येताना, अंदाजे चार मीटरवर, एक कासव आमच्या आणि बोटीच्या मधून पोहत पृष्ठभागावर गेले, त्याने डोके बाहेर काढून श्वास घेतला आणि ते पुन्हा तिरपे खाली उतरले.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही, असे नंतर वाचन केल्यावर वाटले. कासवाला फुप्फुसे असतात. स्वस्थ पडून असले तर ते तासन्‌तास पाण्याखाली राहू शकते, पण पोहत आणि खात असताना त्याला थोड्या थोड्या वेळाने वर यावेच लागते. आपण खाली गुंतलेले असताना त्याची ये-जा आपल्या डोक्यावरून चाललेली असते. आपण त्या वाटेवर उभे राहतो ते केवळ थांब्याच्या वेळी.

कासव कोणते हे ओळखण्यासाठी एक सूचना करते. पाठीच्या कवचाच्या मधल्या रांगेशेजारी दोन्ही बाजूंना जे मोठे खवले असतात ते मोजावेत. हिरव्या कासवाला ते प्रत्येक बाजूला चार असतात, ऑलिव्ह रिडलेला सहसा सहा किंवा त्याहून जास्त. चोच पक्ष्यासारखी टोकदार आणि खवले कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेले असतील तर ते हॉक्सबिल. नोव्हेंबर ते मार्च हा आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेच्या विणीचा काळ असल्यामुळे त्या महिन्यांत किनाऱ्याजवळच्या पाण्यात त्यांचा वावर असतो. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीला उपग्रह टॅग लावला गेला, तेव्हापासून या कासवांच्या समुद्रातल्या वाटा थोड्या उलगडू लागल्या आहेत. मला दिसलेल्या कासवाच्या कवचाला चार खवले होते, म्हणून ते हिरवे कासव असावे असे मी नोंदवते.

आकडेमोड

धागाकर्त्यांचा उत्साह मला मनापासून भावतो, परंतु त्यातून निघणाऱ्या निष्कर्षाबद्दल मला शंका आहे. कोणत्याही अनुभवाचा शेवट माणसाच्या लक्षात अधिक राहतो. पंधराव्या मिनिटाला दिसलेले पाकट आपण विसरतो आणि बोटीवर चढण्यापूर्वी दिसलेले कासव वर्षानुवर्षे सांगत राहतो. शिवाय ज्या डाइव्हच्या शेवटी काहीच दिसले नाही, त्यांच्याबद्दल या धाग्यावर कोणी लिहिणार नाही. अशा नोंदींच्या ढिगावरून ‘शेवटी जास्त दिसते’ असे म्हणणे न्याय्य ठरणार नाही.

हे तपासायचे असेल तर प्रत्येक डाइव्हच्या वेळी, काही दिसो वा न दिसो, उथळ पाण्यात किती मिनिटे घालवली आणि तळाशी किती मिनिटे घालवली हे लिहावे लागेल. मोडसो दिसला ही अर्धी माहिती झाली. किती वेळ पाहत होतो तेव्हा दिसला, हे कळल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

कणकुंबी

आकडेमोड यांच्या म्हणण्यात मी आणखी एका गोष्टीची भर घालतो : वरच्या पाण्याचा दर्जा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो आणि त्यात आपल्या खानापूर तालुक्याचाही वाटा आहे. आमच्या भागात पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटा होतात. मलप्रभेत गेलेले पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हादईत गेलेले पाणी गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रात उतरते. नदीचे गोडे पाणी हलके असते, त्यामुळे ते गाळासह खाऱ्या पाण्याच्या वर पसरते. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ग्रँड आयलंडपाशी नेमका थांब्याचा थर गढूळ आणि त्याखालचे पाणी त्यामानाने स्वच्छ, असे चित्र दिसू शकते. तिथे शेवटच्या मिनिटांत काही न दिसण्याचे कारण जिवांचा अभाव हे नसून गाळ हे असते. नेत्राणी नदीमुखांपासून लांब समुद्रात असल्याने तिथे वरचे पाणी बरेचदा स्वच्छ मिळते.

याच्या उलट घडवणारी गोष्टही आपल्याच किनाऱ्यावर आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातले थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ भागावर चढते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास त्याचा परिणाम तीव्र असतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यावर दीर्घकाळ काम केले आहे. हंगामाच्या आरंभी डाइव्ह करताना खाली उतरता उतरता एकाएकी गारठा जाणवतो, तो हा थर. प्राणवायू कमी झाला की ज्यांना हालता येते ते मासे तिथून निघतात, आणि वरचा उबदार थर त्यांना सोयीचा असतो. म्हणून ऑक्टोबरातल्या नोंदी आणि फेब्रुवारीतल्या नोंदी एकाच मापाने मोजू नयेत, असे मला वाटते.

शहापूर_विणकर

मोठे प्राणी दिसावेत ही सर्वांची इच्छा असते, ते मी समजू शकते. पण माझ्या अनुभवात त्या पाच मीटरवर सर्वांत विलक्षण जे दिसते ते बोटभर लांबीचे आणि काचेसारखे पारदर्शक असते. दूर पाहणारी नजर जवळ आणावी आणि डोळ्यांपासून हातभर अंतरावरच्या पाण्यात पाहावे. सूर्याकडे तोंड करून पाहिल्यास त्यांच्या कडा चमकतात आणि मग ते दिसू लागतात.

नेत्राणीला मी सॅल्पची साखळी पाहिली. सॅल्प हे पिंपाच्या आकाराचे पारदर्शक प्राणी. ते एका टोकाने पाणी आत घेतात आणि दुसऱ्या टोकाने बाहेर टाकतात, आणि याच एका क्रियेत त्यांचे पोहणेही होते व पाण्यातले सूक्ष्म अन्न गाळून खाणेही होते. त्यांची एक पिढी एकेकटी राहते आणि तिच्यापासून निपजणारी पुढची पिढी एकमेकींना जोडलेल्या साखळीच्या रूपात जगते. मागावर ताणलेल्या रेशमी ताण्यातला एखादा धागा सुटून पाण्यात तरंगावा, तशी ती साखळी माझ्यासमोरून गेली. लोक त्यांना सर्रास जेलीफिश म्हणतात. प्रत्यक्षात सॅल्पचे नाते जेलीफिशपेक्षा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांशी, म्हणजे आपल्याशी, अधिक जवळचे आहे.

दुसरा प्राणी कोंब जेली. त्याच्या अंगावर सूक्ष्म केसांच्या आठ रांगा असतात आणि त्या हलताना त्यांवरून इंद्रधनुष्याचे रंग धावत जातात. दिवसा दिसणारा तो रंग त्या प्राण्याने निर्माण केलेला प्रकाश नव्हे. सूर्यप्रकाश त्या केसांवरून विखुरल्यामुळे तो दिसतो. खऱ्या जेलीफिशसारख्या दंश करणाऱ्या पेशी त्याला नसतात. तरीही हात लावू नये, कारण त्याचे शरीर इतके नाजूक असते की आपल्या फिनने उडालेल्या पाण्यानेही ते फाटते.

शिवाय ज्या दोराला आपण धरतो तो दोरही पाहावा. बराच काळ पाण्यात राहिलेल्या मूरिंगच्या दोरावर हायड्रॉइड उगवतात, जे वनस्पतीसारखे दिसणारे पण प्राणी असतात, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या नखाएवढ्या रंगीत समुद्री गोगलगायी तिथे सापडतात. हायड्रॉइडचा दंश चांगलाच झोंबतो, म्हणून धरण्याआधी हाताखाली काय आहे ते बघावे.

चोर्लामार्गी

विणकर ताई, तुमच्या प्रतिसादाने धाग्याला वेगळी दिशा मिळाली. मूरिंगच्या दोराकडे मी आजवर आधार म्हणूनच पाहत होतो. कणकुंबी, गोड्या पाण्याच्या थराबद्दलची माहिती ग्रँड आयलंडला जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

हिंडलगा_डॉक्टर

या चर्चेत आरोग्याची बाजू आली पाहिजे, म्हणून लिहितो. थांब्याच्या वेळी समोर मोठा प्राणी आला की माणसाकडून नकळत दोन गोष्टी घडतात : तो त्याच्या मागे जातो आणि छायाचित्र हलू नये म्हणून श्वास रोखतो. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा घातक आहे. उथळ पाण्यात दाबाचे प्रमाण सर्वांत झपाट्याने बदलते, त्यामुळे भरलेल्या फुप्फुसांनी श्वास कोंडून केवळ मीटर-सव्वा मीटर वर सरकल्यानेही फुप्फुसांना इजा होऊ शकते. श्वास सुरूच ठेवायचा, हा नियम व्हेल शार्क आला तरी मोडायचा नाही. त्याचप्रमाणे टाकीत हवा किमान ५० बार (बार हे दाबाचे एकक) शिल्लक ठेवूनच पृष्ठभागावर यायचे, हा हिशेब थांब्यावर रमण्याआधी करावा.

आता खास आपल्या भागातल्या लोकांसाठी. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी चोर्ला किंवा आंबोली घाट चढून घरी यायचे, ही पद्धत मी अनेकांची पाहतो. डाइव्हनंतर विमानप्रवास करू नये हे सर्वांना ठाऊक असते, पण तो सल्ला ज्या उंचीसाठी दिलेला आहे ती सुमारे ६०० मीटरपासूनच सुरू होते, याकडे दुर्लक्ष होते. एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि लागोपाठच्या किंवा अनेक दिवसांच्या डाइव्ह असतील तर किमान १८ तास, असा तो सल्ला आहे. रस्त्याने चढलो म्हणून शरीरातल्या नायट्रोजनला फरक पडत नाही. शेवटच्या डाइव्हनंतर किनाऱ्यावर एक मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढावा. सांधे दुखणे, मुंग्या येणे, असाधारण थकवा यांपैकी काही जाणवले तर ते प्रवासाच्या दगदगीवर न ढकलता तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

वेदगंगाकाठ

डॉक्टर, घाटाबद्दल आमच्या गटात कोणी कधी बोलले नव्हते. पुढच्या सहलीचा कार्यक्रम आम्ही आजच बदलतो आहोत.

एक नोंद राहिली होती. ती दिसण्याची नसून ऐकण्याची आहे. तारकर्लीजवळ थांब्यावर असताना बारीक शिट्ट्यांसारखा आवाज दोन-तीनदा ऐकू आला. बोटीवर आल्यावर नावाड्याने सांगितले की गादे, म्हणजे डॉल्फिन, बोटीच्या पुढून नुकतेच गेले. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. तो दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच क्षणी पोहोचत असल्याने कोणत्या बाजूने आला हे माणसाला उमगत नाही. मी चारही दिशांना पाहिले, पण डॉल्फिन दिसले नाहीत. अशी नोंद ग्राह्य धरावी का?

आकडेमोड

माझ्या मते ग्राह्य धरावी, मात्र ‘ऐकले, दिसले नाही’ असा स्पष्ट शेरा त्यापुढे असावा.

कारवारवासी_बेळगावकर

मूळचा टिळकवाडीचा, नोकरीनिमित्त कारवारला असतो. चोर्लामार्गी यांच्या मोडसोवरून एक महत्त्वाची गोष्ट सांगावीशी वाटते. कोबिया हा मासा मोठ्या प्राण्यांच्या सोबतीने फिरणारा आहे. पाकट, कासव, व्हेल शार्क यांच्यामागे तो बरेचदा असतो. रेमोरा, म्हणजे डोक्यावरच्या चकतीने मोठ्या माशांना चिकटणारा मासा, हा त्याचा जवळचा नातलग. रेमोराची ती चकती म्हणजे पाठीवरच्या पराचे बदललेले रूप आहे. थांब्याच्या वेळी एकटा रेमोरा तुमच्या टँकभोवती घुटमळू लागला किंवा कोबियाचा गट आला, तर शंभर टक्के नव्हे, पण मोठा सोबती आसपास असण्याची शक्यता असते. अशा वेळी कोबियाकडे पाहत न राहता त्याच्या पलीकडच्या पाण्यात पाहावे.

मला व्हेल शार्क दिसला तो असाच. डाइव्ह संपली होती आणि आम्ही पृष्ठभागावर शिडीची वाट पाहत तरंगत होतो. आमच्याबरोबरच्या एकाने सहज तोंड पाण्यात घातले आणि तो जोरजोरात खाली बोट दाखवू लागला. आमच्या पायांखालून, फार तर सहा-सात मीटरवरून, पांढऱ्या ठिपक्यांची ती अवाढव्य पाठ चालली होती आणि पुढे दोन कोबिया होते. हा जगातला सर्वांत मोठा मासा प्लवक गाळून खातो, माणसाला त्याच्यापासून उपद्रव नाही. एके काळी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. २००१ साली त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि संरक्षण लाभलेला तो भारतातला पहिला मासा ठरला.

तो पुन्हा कुणाला दिसला तर डाव्या बाजूने, कल्ल्यांच्या फटींमागे आणि छातीच्या पराच्या वरच्या भागाचे छायाचित्र घ्यावे. तिथल्या ठिपक्यांची रचना प्रत्येक माशाची वेगळी असते. ती जुळवण्यासाठी जी संगणकीय पद्धत वापरतात, ती मुळात आकाशातल्या ताऱ्यांचे आकृतिबंध जुळवण्यासाठी तयार झालेली होती. जवळ जाण्याची गरज नाही. आमच्याकडच्या छायाचित्रांत शेपटीच तेवढी आहे, कारण सर्व जण त्याच्या मागे पोहू लागले होते.

शहापूर_विणकर

तोंड पाण्यात घालून तरंगत राहण्याची सूचना फार उपयोगी आहे. माझी त्याला एक जोड : पृष्ठभागावर येण्यापूर्वी वर पाहून एक पूर्ण फेरी घ्यावी. बोटी तर पाहायच्याच, पण ब्लू बॉटल जातीचे निळे, दंश करणारे जीव पृष्ठभागावर तरंगतात आणि त्यांचे लांब तंतू खाली लोंबत असतात, तेही दिसतात. समुद्रसापही श्वासासाठी वर येतात. आपल्या किनाऱ्यावर ते सामान्य आहेत, विषारी आहेत आणि त्यांना वाट मोकळी ठेवली तर ते आपल्या वाटेने जातात.

चोर्लामार्गी

आकडेमोड यांची सूचना रास्त आहे आणि ती अमलात आणायची असे मी ठरवले आहे. येत्या हंगामात या धाग्यावरच्या प्रत्येकाने आपल्या लॉगबुकात नेहमीच्या नोंदींखाली पुढील मजकूर लिहावा : ठिकाण व तारीख, तळाशी घालवलेली मिनिटे, ८ मीटरपेक्षा उथळ पाण्यात घालवलेली मिनिटे, वरच्या थरात पाणी किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसत होते, थंड थर जाणवला का आणि कोणत्या खोलीवर, या दोन्ही भागांत दिसलेले जीव स्वतंत्रपणे, आणि काहीच दिसले नसेल तर ‘काही नाही’ हे शब्द. कणकुंबी यांच्या सूचनेनुसार ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या नोंदी वेगळ्या ठेवू. ऐकलेल्या आवाजांसाठी वेगळा रकाना असेल. ओळख पटली नसेल तर अंदाजाने नाव न लिहिता आकार, रंग आणि हालचाल लिहावी. विणकर ताई आणि वेदगंगाकाठ ओळखण्यास मदत करतील असे मी त्यांना न विचारताच गृहीत धरतो आहे.

थांब्यावर कामाची वाटणी कशी करावी याबद्दल आमच्या गटात जे ठरले तेही सांगतो. जोडीतला एक जण खोली आणि वेळ यांवर लक्ष ठेवतो, दुसरा खुल्या पाण्याकडे पाहतो आणि दीड मिनिटाने दोघे कामे बदलतात. त्यामुळे शिस्त मोडत नाही आणि एक जोडी डोळे कायम मोकळी राहते. कॅमेरा ज्याच्याकडे असेल त्याने गेज, म्हणजे हवेचा मापक, पाहण्याचे काम जोडीदारावर पूर्णपणे सोपवू नये, हे डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून मी त्यात मिळवले आहे.

मे अखेर बोटी बंद झाल्या की सर्व नोंदी याच धाग्यावर एकत्र मांडू. ज्यांची लॉगबुके कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत आहेत त्यांनी तशाच पाठवाव्यात, मराठीत मी लिहून घेईन.

आकडेमोड

तक्ता मी तयार करतो. ‘काही नाही’ हा रकाना पहिला ठेवीन.